पाळी गेल्यावर हाडे का झिजतात?

मायबहिणींनो, आणि मागे बसलेल्या पुरुष मंडळींनो,

आम्ही नागपूरच्या आसपास गावोगाव एकच ऐकतो. म्हातारी अंगणात नुसती घसरली, खुब्याचे हाड मोडले, अन् ती खाटेला खिळली. पडली म्हणून मोडले, असे सगळे म्हणतात. पण हाड आतून आधीच विरळ झालेले असते.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. पावसाळ्याआधी आपण कवेलू फेरतो ना? फुटके काढतो, नवे बसवतो. हाडातही तसेच चालते. काही बारीक पेशी जुने हाड खरवडतात, काही नवे भरतात.

बाईच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचा रस तयार होतो. तो खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरतो. बहुधा ४५ ते ५० या वयात पाळी जाते, अन् हा रस फार कमी होतो. मग खरवडणे वाढते, भरणे पुरे पडत नाही. अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी १९४१ साली हे नाते मांडले.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्या शरीराच्या राखणदार. हाड खरवडणाऱ्या पेशी त्यांच्याच कुळातल्या. दोघींचा जन्म हाडाच्या आतल्या मगजात. इस्ट्रोजेन राखणदारांनाही शांत ठेवतो. तो घटला, की चोर नसतानाच हे राखणदार हाकाटी करतात. ती हाक ऐकून खरवडणाऱ्या पेशी आणखी वाढतात! उंदरांवरच्या प्रयोगांत हे चांगले दिसले. बायांच्या रक्तातही तशा खुणा सापडल्या. ही हाक अडवणारे एक इंजेक्शन आहे. ते सहा महिन्यांनी घेतात. मात्र डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नये. मणके मोडू शकतात.

कोणी म्हणेल, आम्ही रोज निंदण करतो, आमची हाडे घट्टच. काम हाडांना चांगलेच. पण सर्वांना वाढून उरेल तेवढेच खाणाऱ्या बाईच्या हाडात भर कशाची पडणार? पुरुष मंडळींनो, हे तुमच्यासाठी. दूध, दही, तीळ, शेवग्याची पाने तिच्याही ताटात पडू द्या. सकाळचे ऊन घ्यावे. खर्रा सोडावा.

पाठ वाकू लागली, उंची घटली, किंवा हलक्या पडण्याने मनगट मोडले, तर नागपूरला मेडिकल किंवा मेयो गाठा. हाड बसवून झाले, तरी लगेच उठू नका. ते इतक्या सहज का मोडले, हे डॉक्टरांना विचारा.