इंग्लंडहून परत आलेला आवाज

हातातली कामं आटोपून बसला असाल, नाहीतर भाजी निवडत निवडत ऐकत असाल. आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका गायकाच्या तबकडीची गोष्ट सांगणार आहोत. इतक्या लांबची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका. त्यात एक बाई आहे, आणि खरी गोष्ट तिचीच आहे.

गायकाचं नाव बॉबी वी. उत्तर डाकोटा राज्यातल्या फार्गो गावचा पोरगा. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली हा तिकडचा लाडका गायक विमान अपघातात गेला. त्या रात्री त्याचा कार्यक्रम फार्गोच्या शेजारी, नदीपलीकडच्या मूरहेडला होता. लोक तर येणार होते. मग गावातली पोरं घाईघाईनं एकत्र आली आणि त्यांनी वेळ मारून नेली. त्यात गायला उभा राहिलेला बॉबी तेव्हा फक्त १५ वर्षांचा होता.

दोन वर्षांत तो देशभर गाजला. १९६१ मध्ये त्याचं 'टेक गुड केअर ऑफ माय बेबी' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

इकडे इंग्लंडमध्ये लिव्हरपूल बंदरातली चार पोरं हीच अमेरिकन गाणी ऐकून ऐकून शिकत होती. दोन-तीन गिटार, एक ड्रम, ठसठशीत ठेका, आणि दोघातिघांनी एका सुरात धरलेली चाल. या ढंगाला तिकडे 'बीट' म्हणत. पोरांच्या गटाचं नाव बीटल्स. बडी हॉलीच्या साथीदारांचं नाव होतं क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. त्यावरूनच यांना भुंग्यांची आठवण झाली. १ जानेवारी १९६२ ला लंडनच्या एका कंपनीत ही पोरं परीक्षेला गेली. तिथं त्यांनी १५ गाणी म्हटली, त्यात बॉबी वीचं 'टेक गुड केअर' सुद्धा होतं. कंपनीनं त्यांना नको म्हटलं.

पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिलं. एप्रिलच्या सुरुवातीला तर तिकडच्या यादीतली पहिली पाचही गाणी त्यांचीच होती. कालपर्यंत ज्यांची चलती होती ते अमेरिकेचे गायक एकदम जुने वाटू लागले.

बॉबी वीनं त्याच वर्षी एक तबकडी काढली. नावातच सगळं सांगितलं होतं: 'बॉबी वी गातो इंग्लंडचा नवा आवाज'. त्यात 'शीज सॉरी' सारखी गाणी थेट बीटल्सच्या ढंगावर बेतलेली होती. गंमत बघा. ज्यांनी याची गाणी गाऊन हात बसवला, त्यांच्यासारखं गायला आता हा निघाला. आपल्याच घरचं विरजण शेजारणीकडे गेलं, आणि आपण तिच्याकडे दही मागायला गेलो, तसं.

तबकडी काही फारशी चालली नाही. बीटल्ससारखं ऐकायचं तर लोक बीटल्सच ऐकणार. बॉबीला आम्ही हसत नाही. पोटापाण्याचा प्रश्न आला की माणूस चालत्या वाऱ्याकडे बघतोच. १९६७ मध्ये 'कम बॅक व्हेन यू ग्रो अप' या गाण्यानं तो पुन्हा वर आला आणि थेट तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

आता त्या बाईकडे येऊ. 'टेक गुड केअर' ची चाल बांधली होती कॅरोल किंगनं. शब्द तिच्या नवऱ्याचे, गेरी गॉफिनचे. तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि घरात तान्ही लेक होती. न्यूयॉर्कच्या एका इमारतीत पियानो ठेवलेल्या लहानशा खोल्यांत बसून ही मंडळी दुसऱ्यांसाठी गाणी रचत. गाजायचा गायक. कॅरोलचं नाव तबकडीवर बारीक अक्षरात. बीटल्सनी १९६३ च्या आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीत घेतलेलं 'चेन्स' हे गाणंही तिचं आणि गेरीचंच.

पण बीटल्स आपली गाणी आपणच लिहीत. त्यांचं बघून बाकीचे गायकही लिहू लागले, आणि दुसऱ्यासाठी रचणाऱ्यांची गरज कमी होत गेली. पुढे कॅरोलचा संसारही मोडला. मग ती स्वतःच पियानोवर बसून गायला लागली. १९७१ मध्ये तिची 'टॅपेस्ट्री' ही तबकडी आली आणि अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७२ मध्ये तिला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. वर्षातल्या उत्तम गीताचा मान एकटीच्या नावावर मिळवणारी ती पहिली बाई. आवाज तिच्याकडे आधीपासूनच होता. नाव मात्र उशिरा मोठ्या अक्षरात आलं.

मैत्रिणींनो, चाल एकीकडून दुसरीकडे जाणारच. तिला कुंपण घालता येत नाही, घालूही नये. पण ती कुणाची, हे सांगता येतं. आपल्या गटात कुणी ओवी म्हणते, कुणी भोंडल्याच्या गाण्यात नवं कडवं जोडते. आपण म्हणतो, "गाणं गावाचं आहे." खरं आहे. पण ते कडवं जोडणारीला नाव आहे ना?

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान राखा. गाण्याची पहिली ओळ, आणि ती कुणी शिकवली तिचं नाव. आजीचं असलं तरी लिहा. अक्षर बारीक नको.

येतो आम्ही. नमस्कार.