पॅडल बोर्ड घेताना

पहाडगंजच्या मेन बाजारात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दहा फुटी कडक पॅडल बोर्ड त्या अरुंद जिन्यावरून चढवायचा कसा? त्यांच्यासाठी हवा भरायचा बोर्डच बरा. गुंडाळला की पाठीवरच्या पिशवीत मावतो, वजन साधारण 8 ते 10 किलो. समोरच्या नवी दिल्ली स्टेशनावरून गाडीत चढवता येतो.

नवशिक्यांनी लांबीच्या आधी रुंदी पाहावी. 32 ते 34 इंच रुंद, 6 इंच जाड बोर्ड पायाखाली स्थिर राहतो. 28 इंची बोर्ड वेगात जातो, पण डुलतो फार. हवा भरताना झडपेतली पिन वर आलेली हवी, नाहीतर पंप काढताच हवा भसकन निघून जाते. दाब बहुधा 12 ते 15 पीएसआय लागतो. कमी पडला तर बोर्ड मधोमध वाकतो.

आणि एक कळकळीची विनंती. ऋषिकेशला वाहत्या गंगेत बोर्डाची दोरी घोट्याला बांधू नका. ती खडकात अडकली, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. कमरेची, एका ओढीत सुटणारी दोरीच घ्या. लाइफ जॅकेट हवंच, आणि पहिले धडे संथ पाण्यात, जाणकाराबरोबर.