रिकामी जागा आणि तिचे शेजारी



या व्यासपीठावरून धर्म, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. इंग्रजीच्या परीक्षेतील रिकाम्या जागा कशा भराव्यात हा विषय शिकवणीच्या फळ्यापुढे शोभेल, सभेत नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु आज ज्या घरातला मुलगा ऑस्ट्रेलियात शिकायला निघतो, ज्या घरातली परिचारिका इंग्लंडमध्ये नोकरी धरू पाहते, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर आयेल्ट्स, पीटीई अथवा केंब्रिजची परीक्षा उभी असते. हजारो रुपये फी भरायची आणि दोन-चार गुणांसाठी ती पुन्हा भरायची, असे अनेक घरांत घडते. म्हणून हा विषय आम्ही घरातल्या सर्वांपुढे मांडत आहोत.

प्रथम ही रिकामी जागा आली कोठून ते पाहू. केंब्रिजने परदेशीयांसाठी प्रावीण्याची परीक्षा १९१३ साली सुरू केली, तेव्हा भाषांतर आणि निबंध यांवर तिचा भर होता. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले! गाळलेले शब्द भरण्याची कसोटी मानसशास्त्रातून आली. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली शाळकरी मुलांची बुद्धी अजमावण्यासाठी अपुरी वाक्ये पुरी करावयास दिली होती. पुढे १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने एक युक्ती मांडली. उताऱ्यातला ठरावीक क्रमांकाचा, समजा प्रत्येक पाचवा, शब्द गाळावा आणि वाचकाला तो भरता येतो का ते पाहावे. तिला त्याने ‘क्लोझ’ म्हटले. अपुरे काढलेले वर्तुळ आपले मन आपोआप पुरे करून पाहते, त्या वृत्तीवरून हे नाव पडले. गंमत अशी की टेलरला वाचकाची परीक्षा घ्यायचीच नव्हती. उतारा सोपा की अवघड, हे त्याला मोजायचे होते. वाचकाची परीक्षा ती नंतर झाली.

या इतिहासात आमचे सारे म्हणणे आले आहे. रिकाम्या जागेचे उत्तर त्या जागेत नसते, ते तिच्या शेजारी असते.

आपण मराठीतच पाहू. भूक लागते, राग येतो आणि थंडी मात्र वाजते. पावसाळ्यात नदी पात्र सोडते, ती पात्र टाकत नाही. हे आपल्याला कोणत्या व्याकरणाने शिकवले? आजीच्या बोलण्यातून, बाजारातल्या गप्पांतून ही जोडपी कानावर पडली आणि मनात एकत्रच राहिली. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडला. आपल्या आज्यांनी तो कधीच अमलात आणला होता.

आता इंग्रजीकडे वळू. आपल्याकडे वाराही जोराचा आणि पाऊसही जोराचा. इंग्रजीत वारा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’ असतो, आणि चहा पुन्हा ‘स्ट्राँग’! ‘द रिव्हर’ आणि ‘इट्स बँक्स’ यांच्यामध्ये जागा रिकामी आहे आणि खाली ‘ब्रोक’, ‘क्रॅक्ड’, ‘बर्स्ट’, ‘स्प्लिट’ असे चार शब्द दिले आहेत. चारही फुटण्या-तुटण्याचेच आहेत. शब्दकोश पाठ असलेला विद्यार्थी येथे अडतो. ज्याने पुराच्या चार बातम्या वाचल्या असतील तो ‘बर्स्ट’ लिहून पुढे जातो.

परीक्षांच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. आयेल्ट्समध्ये बहुधा शब्द उताऱ्यातूनच उचलायचा असतो आणि ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी मर्यादा घातलेली असते. तिसरा शब्द लिहिला की उत्तर चुकले. स्पेलिंग चुकले तरी तेच. पीटीईमध्ये एका प्रकारात प्रत्येक जागेखाली तिचे पर्याय असतात, तर दुसऱ्यात सर्व जागांसाठी एकच पेटी असते आणि तीत जागांपेक्षा शब्द जास्त असतात. केंब्रिजच्या एका भागात पर्यायच नसतात. वरच्या पातळीच्या परीक्षांत तर लेखातले सबंध परिच्छेद काढून ठेवलेले असतात, आणि त्यांत एक परिच्छेद फसवा, कोठेच न बसणारा असतो. या कोणत्याही प्रकारात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून जागा कोरी सोडणे हा निव्वळ तोटा आहे.

परीक्षेत बसल्यावर करायचे काय? पहिली गोष्ट, लेखणी हातात न घेता उतारा एकदा संपूर्ण वाचावा. लेखक कशाविषयी बोलतो आहे आणि त्याचा कल कोणीकडे आहे, हे कळल्यावाचून पहिली जागा भरू नये. दुसरी गोष्ट, जागेच्या डाव्या-उजव्या शब्दांना विचारावे की येथे नाम हवे की क्रियापद, एकवचन की अनेकवचन. मागे ‘ॲन’ असेल तर पुढचा शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू व्हायला हवा. एवढ्यावरच दोन पर्याय गळतात. तिसरी गोष्ट, वाक्याचे वळण पाहावे. ‘ऑलदो द मेडिसिन इज चीप’ असे आरंभी आले, की पुढे औषध मिळणे ‘हार्ड’ असणार, ‘इझी’ नव्हे. आपल्या ‘जरी-तरी’चेच हे रूप आहे. शेवटी, शब्द बसवून वाक्य मनाशी पुन्हा वाचावे.

मराठी माणसाची अडचण मोठ्या शब्दांपाशी फारशी येत नाही. ती बारक्या शब्दांपाशी येते. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या पाठीमागून चालतात: घरात, मुंबईहून. इंग्रजीत ती नामाच्या पुढे चालतात. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर आपल्याकडे नाहीतच. ‘अवलंबून’च्या आधी आपण ‘वर’ म्हणतो आणि ‘डिपेंड’नंतर ‘ऑन’ येते, तेथे मराठी साथ देते. पण आपण एखाद्या प्रश्नाविषयी चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ घातले की फसलो. हे साथ देणारे आणि फसवणारे शब्द वहीत समोरासमोर मांडावेत.

तयारीसाठी महागड्या साधनांची गरज नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या आठ-दहा ओळी रात्री उतरवून घ्याव्यात. घरातल्या कोणीही, इंग्रजी न येणाऱ्या आईनेसुद्धा, मोजून प्रत्येक सातवा शब्द खोडावा. सकाळी विद्यार्थ्याने जागा भराव्यात आणि मुळाशी ताडून पाहाव्यात. चुकलेला शब्द एकटा लिहू नये, जोडीदारासह लिहावा. आणि का चुकला हेही एका ओळीत लिहावे. पहिले तीन दिवस हाच खेळ मराठी उताऱ्यावर खेळावा. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला उमगेल, की या परीक्षेला लागणारी शक्ती आपल्यापाशी आहे. तिला फक्त दुसऱ्या भाषेची वाट दाखवायची आहे. अशा मुलाच्या मनातला न्यूनगंड परीक्षेपेक्षा अधिक नुकसान करतो.

एक इशाराही द्यायला हवा. ‘परत परत येणाऱ्या’ उताऱ्यांच्या उत्तरांसह याद्या बाजारात फिरतात आणि मुले त्या घोकतात. समजा, यादीतला उतारा पुढ्यात आला आणि गुणही मिळाले. पुढे परिचारिकेच्या हाती डॉक्टरांची सूचना येईल, तिच्या बाजूला यादी नसेल. विद्यार्थ्यापुढे प्राध्यापकाने दिलेले प्रकरण येईल, त्यातला न कळलेला शब्द कोणी पर्यायांत देणार नाही. तेथे आजूबाजूचे वाचून अर्थ लावण्याची सवयच कामी येईल. ती सवय लागावी म्हणून परीक्षेची तयारी करा, असे आमचे पालकांना आणि मुलांना सांगणे आहे.