फोनला उत्तर दिशा कशी कळते?

आजचा विषय तुमच्या खिशातलाच आहे. मॅप्स उघडलं की निळा ठिपका दिसतो आणि त्यातून एक फिकट झोत निघतो, तुमचं तोंड कुठे आहे ते दाखवणारा. ठिपका जीपीएसमुळे येतो. पण तुम्ही एका जागी उभे असाल तर तोंड कुठे आहे हे जीपीएसला कळत नाही. ते काम मॅग्नेटोमीटरचं.

ही चिप तांदळाच्या दाण्याहून लहान असते. तिच्यात सुई वगैरे काही नाही. फोनच्या रुंदीत, लांबीत आणि जाडीत चुंबकीय क्षेत्र किती आहे ते ती मोजते, बस. मुंबईत पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला भरतं. म्हणजे फारच क्षीण, फ्रिजवरचा चुंबक याला सहज गिळतो. शिवाय ते आडवं नसतं, आपल्याकडे उत्तरेला जाता जाता जमिनीत २६-२७ अंश घुसतं. म्हणून फोन आधी ॲक्सिलरोमीटरला विचारतो, "खाली कुठे?" आणि मग फक्त आडवा भाग वापरतो.

आता गंमत. फोनच्या स्पीकरमध्येच चुंबक असतो! मग चिपला पृथ्वीचं क्षेत्र वेगळं कसं कळणार? त्यासाठीच तो हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा प्रकार. लोकांना वाटतं, हलवून जाग आणतोय. तसं नाही. फोन फिरला की स्पीकरचा चुंबकही सोबत फिरतो, त्यामुळे चिपच्या दृष्टीने त्याचा हिस्सा बदलत नाही. पृथ्वीचा हिस्सा मात्र दर वळणाला बदलतो. पुरेशा दिशांना फिरवलं की सगळी मापं एका गोळ्याच्या पृष्ठभागावर बसतात. त्या गोळ्याचं केंद्र म्हणजे फोनचा स्वतःचा चुंबकपणा. तो वजा केला की उरते पृथ्वी. कोडिंगवाल्या माणसाला याहून देखणी वजाबाकी क्वचितच भेटते. पण बाईकच्या टाकीचं लोखंड फोनबरोबर फिरत नाही, त्यामुळे ते असं वजा होत नाही.

एवढं करून मिळते ती चुंबकीय उत्तर. नकाशावरची उत्तर वेगळी. मुंबईत दोन्हींत एका अंशाचाही फरक नाही, आपण नशीबवान. न्यू जर्सीत तोच फरक १२-१३ अंश पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जवळपास तेवढाच पूर्वेकडे. तिकडे नुसत्या सुईवर एक किलोमीटर चाललात तर दोनशे मीटर बाजूला पोचाल. म्हणून फोन जीपीएसवरून जागा बघतो आणि 'वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल'मधून दुरुस्ती काढतो. अँड्रॉइडमध्ये यासाठी तयार क्लास आहे, अक्षांश-रेखांश, उंची आणि वेळ द्या, कोन घ्या.

वेळ कशाला? कारण हे क्षेत्र तयार होतं २,९०० किलोमीटर खाली, वाहत्या लोखंडात. तो प्रवाह बदलतो, मग ध्रुवही सरकतो. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसला उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडात सापडला होता. तो आता सायबेरियाच्या दिशेने निघालाय. मॉडेल दर पाच वर्षांनी नवं येतं, पण ध्रुव एवढा पळाला की २०१९ मध्ये मधेच दुरुस्ती काढावी लागली.

हे मॉडेल उपग्रहांच्या आणि जमिनीवरच्या वेधशाळांच्या मापांवर उभं राहतं. अशी एक वेधशाळा अलिबागला आहे. बीचवर जाताना कित्येकांनी ती पाहिलीही नसेल. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, १८४१ पासून. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची कुलाब्याची नोंद शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेने मापं बिघडली असती. संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. १९०४ ला तिथे मोजणी सुरू झाली, आणि कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत. आमच्या भाषेत, मायग्रेशन करताना जुना सर्व्हर चालू ठेवला! त्यामुळेच आज पावणेदोनशे वर्षांहून लांब सलग नोंद हाताशी आहे.

जाता जाता: ट्रेकला निघताना चुंबकाचं कव्हर काढा, बाईकपासून चार पावलं लांब जा आणि आठ काढा. आयफोनवाल्यांनी कंपासच्या सेटिंगमध्ये 'यूज ट्रू नॉर्थ' चालू आहे का बघा. भेटू पुढच्या भागात!