प्रलयाचे स्वस्त चित्रपट आणि टंचाईचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा गोषवारा)



अणुयुद्धाने जग बेचिराख झाल्यावर उरलेल्या मूठभर माणसांच्या कथा सांगणारे स्वस्त चित्रपट हा समाजवादी अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु ज्या करमणुकीकडे प्रतिष्ठित समीक्षक ढुंकूनही पाहत नाहीत, तिच्यातच समाजव्यवस्थेची गृहीतके उघडी पडतात. शिवाय या चित्रपटांची जन्मकथा ही मुळातच अर्थशास्त्राची कथा आहे.

१९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांतील दुय्यम, कमी खर्चाचा तो ‘बी’ चित्रपट. पुढे हे नाव एकूणच स्वस्त चित्रपटांना चिकटले. अशा निर्मात्याला प्रलयाइतका सोयीचा विषय दुसरा नाही. जग संपले की गर्दी लागत नाही, महाल लागत नाहीत. चार-पाच नट आणि एक ओसाड माळ पुरतो. आर्च ओबोलर याने १९५१ साली ‘फाइव्ह’ हा चित्रपट सुमारे ७५ हजार डॉलरांत, विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना हाताशी धरून, बराचसा स्वतःच्या घरीच चित्रित केला. जगात पाच माणसे उरली आहेत. तरीही त्यांतील एक गोरा कृष्णवर्णीय सोबत्याबरोबर राहण्यास तयार नाही आणि अखेर त्याचा खून करतो. जग संपले, वर्णद्वेष संपला नाही, हे सांगण्याचे धैर्य या स्वस्त चित्रपटाने दाखवले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु बहुतेक चित्रपटांची शिकवण वेगळी आहे. रे मिलंडच्या ‘पॅनिक इन इयर झीरो!’ (१९६२) मध्ये लॉस एंजेलिसवर बॉम्ब पडताच एक सुशिक्षित गृहस्थ दुकानदाराला धाकात घेऊन बंदुका मिळवतो आणि कुटुंबासह गुहेत दडतो. शेजारी म्हणजे शत्रू, कुटुंब म्हणजे किल्ला आणि बंदूक म्हणजे राज्यघटना! ऑस्ट्रेलियातील ‘मॅड मॅक्स’ (१९७९) अवघ्या काही लाख डॉलरांत तयार झाला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर याने त्यात स्वतःची गाडीही ठोकून घेतली. या चित्रपटाचा सहलेखक जेम्स मॅककॉसलँड हा पत्रकार. तेलटंचाईच्या दिवसांत पेट्रोलसाठी रांगांत हातघाईवर येणारे मोटारवाले पाहून ही कथा सुचल्याचे त्याने पुढे लिहिले. टंचाई आली की माणूस पशू होतो, हा निष्कर्ष त्या रांगांतून निघाला आणि जगभर विकला गेला.

या यशानंतर इटालियन निर्मात्यांनी तशाच चित्रपटांचा सपाटा लावला. एन्झो कास्तेल्लारी याच्या ‘१९९०: द ब्राँक्स वॉरियर्स’ (१९८२) मधील उद्ध्वस्त भविष्याची काही दृश्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्येच चित्रित झाली. येथे विचारी प्रेक्षकाने थांबले पाहिजे. तो भाग कोणत्या बॉम्बने उजाड झाला होता? तेथे बॉम्ब पडलाच नव्हता. बँकांनी कर्जे नाकारली, विम्याच्या पैशासाठी कित्येक घरमालकांनी आपल्याच इमारती पेटवल्या आणि काटकसरीच्या नावाखाली पालिकेने अग्निशमन पथके बंद केली. भांडवलाने टाकून दिलेली वस्ती निर्मात्याला तयार देखावा म्हणून मिळाली. जे कॅमेऱ्याला भविष्य वाटले, ते तेथील गरिबांचे वर्तमान होते. पडद्यावर मात्र त्या विध्वंसाचा कर्ता कोठेच दिसत नाही. दिसतात त्या केवळ भग्न भिंती आणि एकमेकांवर धावून जाणाऱ्या टोळ्या.

टंचाईत माणूस खरोखर असाच वागतो काय? याचे उत्तर महाराष्ट्राने त्याच दशकात दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष हातात बंदूक नव्हे, तर पहार आणि घमेले घेऊन दुष्काळी कामांवर गेले. त्यांनी काम मागितले, दाम मागितला. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. या मंथनातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि शहरातील नोकरदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुराची मजुरी उभी राहिली. सारे सुरळीत झाले असे नव्हे. हजेरीपटावरील खोटी नावे आणि रखडलेली मजुरी यांविरुद्धही लढावे लागले. पण ती माणसे एकमेकांवर तुटून पडली नाहीत, एकत्र आली.

हे चित्रपट पाहू नयेत, असे नव्हे. अवश्य पाहावेत, त्यांतील कल्पकतेला दादही द्यावी. मात्र पाहताना दोन प्रश्न विसरू नयेत: हा विध्वंस केला कोणी? आणि उरलेले अन्न वाटून घेण्याची कल्पना कथेतील कोणालाच का सुचली नाही? पुढच्या टंचाईत पेट्रोलची असो वा पाण्याची, रांगेतील माणसे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहतील की सोबती म्हणून, हे त्या रांगेत संघटना आहे की नाही, यावर ठरेल. ते काम पडद्यावरचा नायक करणार नाही. ते कार्यकर्त्याचेच आहे.