हात गमावल्यावरच नागरिक?



आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज त्याच इटलीत लढलेल्या दुसऱ्या एका जवानाबद्दल आणि त्याच्या बायकोबद्दल बोलायचं आहे.

डॅनियल इनोये हवाईत जन्मला. वंश जपानी, देश अमेरिका. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेने आपल्याच सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जण अमेरिकेचे नागरिक होते. त्यांचा गुन्हा एकच, चेहरा शत्रूसारखा! इनोयेसारख्या तरुणांना सैन्यातही घेत नव्हते. १९४३ मध्ये ती बंदी उठली आणि तो भरती झाला.

२१ एप्रिल १९४५ रोजी त्याचा उजवा हात गेला. सर्जन व्हायचं होतं, ते राहिलं. इस्पितळात दीड वर्षाहून जास्त काळ गेला. घरी परतताना, अंगावर गणवेश आणि छातीवर पदकं असताना, एका न्हाव्याने त्याचे केस कापायला नकार दिला. कारण तो जपानी दिसत होता.

पुढे त्याने मार्गारेटशी, म्हणजे मॅगीशी लग्न केलं. तो कायदा शिकत होता, ती नोकरी करत होती. १९५४ मध्ये तो हवाईच्या विधिमंडळात निवडून आला. हवाई राज्य झाल्यावर १९५९ मध्ये काँग्रेसमध्ये गेला आणि १९६३ पासून मरेपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, सिनेटमध्ये होता. त्याची पदकं सगळ्यांनी पाहिली. मॅगीच्या वाट्याच्या कष्टांना पदक नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. घरधनी जहाजावर नाहीतर आखातात असतो, आणि घर, म्हातारी माणसं, मुलांच्या शाळा सगळं त्याच बघतात. त्याची नोंद कुठे होते?

छावण्यांत डांबलेल्यांची अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्यासाठी झटणाऱ्यांत इनोये होता.

मला त्याच्या शौर्याचा अभिमान वाटतो, पण एक प्रश्न सुटत नाही. ज्याने हात दिला नाही, जो साधा दुकानदार होता, शाळकरी पोर होतं, तो कमी नागरिक होता का? आपल्याकडेही देशभक्तीचा पुरावा मागितला की आपण लगेच शहिदांची यादी काढतो. ती नावं आदराने जरूर घ्यावीत. पण आपलं नागरिकत्व त्या यादीवर उभं नाही. ते संविधानावर उभं आहे. तिथे जखम दाखवावी लागत नाही.

जय हिंद, जय संविधान.