वकील मिळाला, बचाव कोठे आहे?

(बडोदे येथे मराठी भाषकांच्या सभेत केलेले भाषण)



ज्या नगरीत आज आम्ही बोलावयास उभे आहोत, त्या नगरीने समर्थ वकिलाचे मोल एकदा साऱ्या हिंदुस्थानास दाखविले आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला आणि फेब्रुवारी १८७५ मध्ये चौकशी मंडळ बसले. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. पोलिसांच्या ताब्यात राहून जबान्या दिलेल्या साक्षीदारांची त्यांनी अशी उलटतपासणी केली की पुरावा खिळखिळा झाला. सहा सभासदांपैकी तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेर व जयपूरचे नरेश आणि सर दिनकरराव यांनी तो मानला नाही. एप्रिलमध्ये महाराज पदच्युत झाले खरे. परंतु त्यासाठी सरकारला गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले.

राजाला बॅलंटाइन मिळाला. रंकाला कोण मिळतो, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

याच नगरीतील दुसरा खटला पाहा. १ मार्च २००२ च्या बेस्ट बेकरी जळितकांडात १४ जणांचा बळी गेला. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि जून २००३ मध्ये येथील न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली, सरकारी वकिलाच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले आणि खटला पुन्हा महाराष्ट्रात चालविण्याचा आदेश दिला. मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली. त्यांपैकी चौघांची शिक्षा २०१२ मध्ये उच्च न्यायालयात कायम राहिली.

यातून निघणारा न्याय सरळ आहे. फिर्यादीची बाजू नीट मांडली गेली नाही म्हणून सुटका रद्द होऊ शकते. मग आरोपीची बाजू मांडलीच गेली नाही तर त्याची शिक्षा का रद्द होऊ नये?

कायदा या प्रश्नाकडे पाठ फिरवीत नाही. आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला. १९७८ च्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदिवानास निकालाची नक्कल व अपिलासाठी वकील मोफत देण्यास सांगितले. १९८६ मध्ये अरुणाचलातील एका खटल्यात शिक्षा रद्द करताना तेच न्यायालय म्हणाले की, आरोपीने मागितला नाही म्हणून त्याला वकिलावाचून ठेवता येणार नाही. हक्काची जाणीव त्याला न्यायाधीशानेच करून दिली पाहिजे.

पण वकील उभा करणे म्हणजे बचाव करणे नव्हे. मध्य प्रदेशातील खंडवा येथे १९ फेब्रुवारी २०१३ रोजी एका आरोपीस सरकारी खर्चाने वकील नेमण्यात आला, त्याच दिवशी आरोप ठेवण्यात आले आणि ४ मार्च रोजी खटल्याचा निकाल लागून त्याला फाशीची शिक्षाही झाली! वकिलाने कागद केव्हा वाचावेत, आरोपीशी केव्हा बोलावे? डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. फाशी वा जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षांचा अनुभवी असावा आणि त्याला तयारीसाठी साधारणतः सात दिवस तरी मिळावेत, असे तेव्हा ठरले. फेरचौकशीच्या फेऱ्यांतून जाऊन २०२४ मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षे तुरुंगात गेली, ती त्याला कोण परत देणार?

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. खटला हरला म्हणजे वकील नालायक, असे कोणतेही न्यायालय मानीत नाही. वकिलाच्या उणिवेमुळे आरोपीची प्रत्यक्ष हानी झाली, हे दाखवावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये अशीच कसोटी घालून दिली. म्हणून अपिलात मोघम आक्रोश कामाचा नाही. कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, कोणता कागद दाखल झाला नाही, कोणता साक्षीदार बोलाविला नाही आणि त्याने निकालात काय फरक पडला असता, हे नेमके मांडले पाहिजे. अपिलाच्या न्यायालयास अधिक पुरावा घेण्याचाही अधिकार आहे. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण तेवढ्याने शिक्षा टळत नाही.

आणि अपिलापर्यंत थांबता कामा नये. वकील येत नसेल, विचारीत नसेल, तर त्याच दिवशी न्यायाधीशापुढे लेखी अर्ज द्या, रोजनाम्यात नोंद होईल असे पाहा, अर्जाची नक्कल जपून ठेवा. नेमलेला वकील बदलून मिळावा म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मराठी भाषकांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी: न कळणाऱ्या भाषेत साक्ष चालली असेल, तर ती आपल्या भाषेत समजावून घेण्याचा हक्क आरोपीला कायद्याने दिला आहे. ज्या वकिलाला आरोपीचे बोलणे कळत नाही, तो त्याचा बचाव कोणत्या तोंडाने करणार?

शेवटी जालना जिल्ह्यातील ते सहा जण आठवा. भटक्या जमातीतील ही गरीब माणसे २००३ मधील एका हत्याकांडात गोवली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांपैकी तिघांची जन्मठेप वाढविताना त्यांचे म्हणणेच ऐकले गेले नव्हते, म्हणून २०१८ मध्ये न्यायालयाने आपला तो निकाल स्वतःच मागे घेतला. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतीच चार माणसे ओळखली होती, हे फेरसुनावणीत पुढे आले. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष ठरले. प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

ज्या न्यायालयाने फाशी दिली, त्याच न्यायालयाने ती उठविली. फरक एवढाच की दुसऱ्या खेपेस त्यांचे म्हणणे ऐकले गेले. गरिबाचे म्हणणे पहिल्याच खेपेस ऐकले जावे, एवढीच आमची मागणी आहे; आणि ती भीक नव्हे, हक्क आहे.